कर्णबधिर बाळाची पहिली तीन वर्षे : सोलापूरच्या घरांच्या संदर्भात

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत. शिक्षण हक्क कायद्याचा आरंभही सहापासूनच. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या हाती हा हक्क पडतो तेव्हा त्याच्या भाषेचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते. ऐकणे गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांतच सुरू होते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजाहून वेगळा ओळखते, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवले. मेंदूतले श्रवणकेंद्र मात्र आवाजाची वाट अनंतकाळ पाहत नाही. अनु शर्मा यांनी कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचे विद्युत्-प्रतिसाद मोजले. साधारण साडेतीन वर्षांच्या आत ज्यांच्यापर्यंत आवाज पोचला, त्यांचे प्रतिसाद थोड्याच महिन्यांत ऐकणाऱ्या समवयस्कांसारखे झाले. सात वर्षांनंतर पोचला त्यांचे बहुतेकदा झाले नाहीत.

म्हणजे कायद्याचे घड्याळ आणि मेंदूचे घड्याळ यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे. या सहांपैकी पहिली तीन वर्षे सर्वांत मोलाची, आणि नेमक्या त्याच काळात मूल कोणत्याही संस्थेच्या ताब्यात नसते. ते घरी असते. या काळात द्यायची मदत मुलाच्या कानाला द्यायची की घराला, हा या विवेचनाचा प्रश्न आहे. माझे उत्तर घराला असे आहे. पण ‘घर’ म्हणजे पुस्तकातले शांत घर नव्हे. सोलापुरात त्या घराला लागून माग चालतो, आईच्या मांडीवर विडीचे सूप असते, आणि एका छपराखाली दोन-तीन भाषा बोलल्या जातात. मदतीची योजना या गोष्टींपासून सुरू व्हायला हवी.

बाळ ऐकत नाही हे कळते कसे

बहिरेपण दिसत नाही, ही पहिली अडचण. त्यातही बाळ फसवते. ऐकू न येणारे तान्हे मूलही पहिल्या महिन्यांत हुंकार देते, हसते, ‘आ’, ‘ऊ’ करते. ऐकणारे मूल सात-आठ महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘ममम’ अशी अक्षरे घोळवू लागते. ही पायरी कर्णबधिर मुलात उशिरा येते किंवा नीट येतच नाही, असे ओलर आणि आयलर्स यांच्या १९८८ च्या अभ्यासात दिसले. घरच्यांनी मात्र पहिले हुंकार ऐकलेले असतात, त्यामुळे मनात शंका येत नाही. आलीच तर घरगुती परीक्षा होते. मागून टाळी वाजवतात, थाळी आपटतात, दार लोटतात. बाळ वळून पाहते, कारण त्याला हवेचा झोत लागतो, फरशीची थरथर जाणवते, सावली हललेली दिसते. घर निर्धास्त होते.

दीड वर्ष उलटले तरी बोल फुटत नाही तेव्हा आजी सांगते, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. कोणी जीभ जड म्हणून वेखंड उगाळून चाटवते. सोलापूरच्या विणकर घरांत आणखी एक गोष्ट भर घालत असावी असा माझा तर्क आहे. वर्षानुवर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसांचे कान आवाजाने कमजोर झालेले असतात. घरात सगळेच मोठ्याने बोलतात, दोनदा हाक मारल्याशिवाय कोणी वळत नाही. अशा घरात न वळणारे मूल वेगळे उठून दिसत नाही.

म्हणून ओळख घरावर सोपवून चालत नाही, ती यंत्राने करावी लागते. बाळ झोपलेले असताना कानात छोटा प्रोब बसवून अंतर्कर्णाचा प्रतिध्वनी मोजणारी ओएई चाचणी काही मिनिटांत होते. तिच्यात नापास झालेल्या, आणि अतिदक्षता कक्षात राहिलेल्या प्रत्येक बाळाची, नसेचा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ चाचणी करावी लागते, कारण कान ठीक असून नस संदेश नेत नसेल तर ओएईला ते समजत नाही. बेराला मूल गाढ झोपलेले लागते. त्यामुळे आदल्या रात्री त्याला जागवून, सकाळी रडवत, अक्कलकोट किंवा करमाळ्याहून एसटीने घेऊन येणारी आई आणि ऐन चाचणीच्या वेळी टक्क जागे असलेले बाळ हे दृश्य कोणत्याही सिव्हिलमध्ये दिसते. मग दुसरी तारीख मिळते. दुसऱ्या तारखेला सगळे येतातच असे नाही.

जगभर मान्य झालेला हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि मार्गदर्शन. त्यामागे क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांचा कोलोरॅडोमधला १९९८ चा अभ्यास मोठा आधार ठरला. सहा महिन्यांच्या आत ओळखली गेलेली ७२ आणि नंतर ओळखली गेलेली ७८ मुले त्यांनी ताडून पाहिली. आधी ओळखलेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती, आणि घरची मिळकत किंवा बहिरेपणाची तीव्रता लक्षात घेऊनही हा फरक पुसला गेला नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडतात. रचना चांगली आहे. पण सहा महिन्यांचे बाळ अंगणवाडीच्या पटावर असले तरी अंगणवाडीत बसलेले नसते, आणि पथकातल्या डॉक्टरांपाशी खुळखुळा असतो, ओएई नसते. शिवाय प्रसूती खासगी दवाखान्यांतही मोठ्या संख्येने होतात. प्रत्येक प्रसूतिगृहाने यंत्र विकत घ्यावे ही अपेक्षा फोल आहे. केरळात कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने २००३ पासून यावर साधा तोडगा काढला: यंत्र एकच, ते घेऊन प्रशिक्षित माणूस ठरलेल्या दिवशी दवाखान्या-दवाखान्यांत फिरतो, आणि घरी जाण्याआधी बाळ तपासले जाते. सोलापूर शहरातली प्रसूतिगृहे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की दुचाकीवरून हे काम होईल.

कोणामुळे झाले

निदानानंतर घरात पहिला प्रश्न ‘आता काय करायचे’ हा क्वचितच येतो. ‘कोणामुळे झाले’ हा येतो, आणि उत्तर बहुधा सुनेच्या माथी मारले जाते. ग्रहणात बाहेर पडली, गरोदरपणात अमुक खाल्ले. याला शास्त्राने तातडीने उत्तर द्यायला हवे, कारण जी बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे तिच्याकडून रोज दहा तास उत्साहाने बोलण्याची अपेक्षा करता येत नाही.

कारणे अनेक आहेत: गर्भारपणी झालेला रुबेला किंवा सायटोमेगालोव्हायरस, दीड किलोच्या आतले जन्मवजन, जन्मतः गुदमरणे, रक्त बदलावे लागेल इतकी कावीळ, मेंदूज्वर, कानाला घातक ठरणारी काही प्रतिजैविके. यांतली पुष्कळ टाळता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार मुलांतले जवळपास ६० टक्के बहिरेपण टाळण्याजोगे असते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ती या अर्थाने कानांचीही मोहीम होती.

आनुवंशिक कारण मात्र सोलापूरच्या पट्ट्यात वेगळे विचारात घ्यावे लागते. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सांध्यावरच्या या जिल्ह्यात मामा-भाची आणि आते-मामे भावंडांची लग्ने अनेक समाजांत रूढ आहेत. जन्मजात बहिरेपणाचे बरेच जनुकीय प्रकार अप्रभावी असतात: आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल बहिरे होते. जीजेबी-टू या जनुकातला डब्ल्यू-२४-एक्स हा बदल भारतीय कर्णबधिरांत ठळकपणे आढळला आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकाच पूर्वजाची प्रत असण्याची शक्यता वाढते, इतकाच त्याचा अर्थ. त्यातून दोन गोष्टी घराला सांगता येतात. दोष एकटीचा असूच शकत नाही, निम्मा वाटा बापाचा आहे. आणि दोघेही वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता तीच राहते, म्हणून पुढचे बाळ पहिल्या महिन्यात तपासायचे. दुसरी सूचना फार वेळा राहून जाते. पहिल्या मुलाच्या धावपळीत दुसरे जन्मते आणि तेही दीड वर्षाचे होईपर्यंत कोणी पाहत नाही.

कानाचे मशीन आणि फळी

यंत्र बसवले म्हणजे मूल ऐकू लागले, हा समज शिबिरांनी पसरवला आहे. फोटो निघतो, डबी हातात येते, आणि डबी घरी फळीवर जाते. मशीन फळीवर का जाते, याची कारणे मानसशास्त्रात शोधण्याआधी साध्या गोष्टींत शोधावीत. तान्ह्याचा कान भराभर वाढतो. दोन-तीन महिन्यांत मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल होतो, मशीन शिट्टी घालते, मूल ओढून काढते. नवा मोल्ड करायला पुन्हा शहर गाठावे लागते. सेल संपतात, ते गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळतीलच असे नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घाम आणि धूळ यंत्रात जाते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे, हे कोणी सांगितलेले नसते. वर भीती असते: महागाची वस्तू, हरवली तर? म्हणून आई ते फक्त ‘स्पीच’ला जाताना घालते. पाहुणे आले की सासू काढून ठेवते, हे आणखी वेगळे.

मेंदूला आठवड्यातून एक तास आवाज देऊन काही साधत नाही. अमेरिकेत सौम्य ते तीव्र श्रवणदोष असलेल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत दिवसाला दहा तासांहून अधिक काळ यंत्र वापरणाऱ्यांची भाषा चांगली वाढलेली आढळली. आजची डिजिटल यंत्रे रोज किती तास चालली याची नोंद स्वतःच ठेवतात. तरीही आपल्या योजनांचे अहवाल ‘किती यंत्रे वाटली’ हेच मोजतात. किती तास कानावर राहिली, हा आकडा संगणकाला जोडून दोन मिनिटांत काढता येतो, पण तो कोणी विचारत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटचेही तसेच. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेत २०१४ पासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सहा लाखांपर्यंतच्या इम्प्लांटची तरतूद झाली आणि मुंबईची अली यावर जंग संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा झाली. ज्यांना साध्या यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी मूल तीन वर्षांचे असले तरी त्याचे श्रवणवय शून्य असते. आईला वाटते, आता बोलेल. ते बोलत नाही, कारण त्याने आजच जन्म घेतला आहे. पुढची दीड-दोन वर्षे घरात काय घडते त्यावर सहा लाखांचे मोल ठरते.

आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास

दोन वर्षांचे मूल दिवसाला सुमारे बारा तास जागे असते, आठवड्याला चौऱ्याऐंशी. त्यांतला एक तास थेरपिस्टचा. राहिलेले त्र्याऐंशी घरचे. एवढा हिशेब मांडला की कोणाला शिकवायचे याचे उत्तर मिळते. नेब्रास्कातल्या मेरी पॅट मोलर यांनी २००० साली ११२ कर्णबधिर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा महिन्यांच्या आत कार्यक्रमात आलेली मुले पाचव्या वर्षी शब्दसंग्रहात पुढे होती, हे अपेक्षितच होते. पण सर्वांत प्रभावी घटक निघाला कुटुंबाचा सहभाग. उशिरा आलेल्या मुलांचेही नुकसान घर मनापासून गुंतलेले असेल तर बरेच भरून निघत होते.

हे अनुभवाने आधीच ओळखणारे लोक होते. हॉलिवूडचा नट स्पेन्सर ट्रेसी याची पत्नी लुईस हिचा मुलगा जॉन कर्णबधिर होता. तिने १९४२ मध्ये लॉस एंजेलिसला जॉन ट्रेसी क्लिनिक काढले आणि लगेचच जगभरच्या आईबापांसाठी टपालाने फुकट पाठ सुरू केले. विद्यार्थी मूल नव्हते, आईबाप होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या चेन्नईच्या बाल विद्यालयाने तीन वर्षांच्या आतली मुले आईसकट घ्यायला सुरुवात केली. सोलापुरात जयप्रदा आणि योगेशकुमार भांगे यांची ‘व्हॉइस ऑफ व्हॉइसलेस’ ही संस्था आणि तिची ‘बोलवाडी’ याच दिशेने काम करते. कर्णबधिर बाळाला बोलते करायचे तर आधी पालकांना तयार करायचे, हा विचार मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही, याची ही साक्ष.

मात्र ‘बाळाशी भरपूर बोला’ हा उपदेश सोलापुरात जसाच्या तसा चालत नाही. कुठे अडतो ते पाहू.

पहिली अडचण भौतिकशास्त्राची आहे. शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलचे यंत्रमाग घराला चिकटून चालतात. शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, भिंत आणि उघडे दार ओलांडून घरात येतानाही तो साध्या बोलण्याहून मोठा राहू शकतो. एक मीटरवरून केलेले बोलणे साठ-पासष्ट डेसिबलचे. श्रवणयंत्र दोन्ही वाढवते, खटखटही आणि हाकही. ऐकणारा प्रौढ माणूस गोंगाटातून शब्द वेचतो, कारण भाषा त्याला येते. बाळाला भाषा यायची आहे, त्याला बोलणे गोंगाटाहून पंधराएक डेसिबल वर लागते. इथे ओरडणे कामाचे नाही, ओरडण्याने स्वर फुगतात आणि व्यंजने दबतात. कामाचे आहे अंतर. बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. चार मीटरवरून, चुलीपाशी बसून मारलेली हाक आणि यंत्रापासून वीतभर अंतरावर तोंड आणून म्हटलेले वाक्य यांत चोवीस-पंचवीस डेसिबलचा फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मूल कडेवर घेऊन, यंत्राच्या बाजूने बोलणे हा मागवाल्या घरासाठी पहिला धडा. दुसरा, वेळ निवडणे: माग बंद असण्याचे तास, सुट्टीचा दिवस, वीज गेलेली दुपार. वीज गेली म्हणून चरफडणाऱ्या बापाला हे तास त्याच्या मुलाचे आहेत, हे सांगणारे कोणी हवे.

दुसरी अडचण आईच्या हातांची. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. कुंभारीच्या विडी घरकुलात तर विडी कामगारांसाठी दहा हजार घरे उभी राहिली. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बाळाशी वीस मिनिटे खेळणे म्हणजे इतक्या विड्या कमी, हा हिशेब तिला कोणी शिकवावा लागत नाही. ‘रोज अर्धा तास निवांत बसा’ असे लिहून देणारा थेरपिस्ट तिला रोज थोडा दंड ठोठावत असतो. पण विडी वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. तोंड खाली, सुपाकडे असते ही खोट. तंबाखूची भुकटी असलेल्या सुपाशी बाळाला बसवणे आरोग्याला घातक, हेही खरे. तेव्हा पान भिजवणे, कापणे, पाने मोजणे ही तंबाखूविना चालणारी कामे बाळासमोर करावीत, एकेक पान त्याच्या हातात देत, चेहरा वर करून बोलावे. एक, दोन, दे, घे, ओले, कोरडे. भाषा कार्डावरच्या चित्रांतून येते त्याहून अशा देण्याघेण्यातून लवकर येते. तरीही मजुरी बुडते तेवढी बुडतेच. थेरपीच्या दिवसाचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरी भरून देणे हा मला मदतीचाच भाग वाटतो. लाखांच्या इम्प्लांटमागे ही रक्कम किरकोळ आहे आणि ती नसल्याने पालकांचे येणे थांबते.

तिसरी अडचण भाषेची. पद्मशाली घरात आजी-आई तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडे कानडी, काही वस्त्यांत दखनी उर्दू, आणि मोबाइलवरची कार्टुने हिंदी. थेरपिस्ट बहुधा मराठी. ‘एकच भाषा ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याचा अर्थ व्यवहारात ‘मराठी बोला’ असा होतो. मग जिला मराठी बेताची येते ती आई तीन-तीन शब्दांची वाक्ये बोलू लागते, आजी गप्प होते. माझ्या मते हा सल्ला उलटा आहे. बाळाला हवी असते भरपूर, सहज, रागालोभाची, गोष्टीवेल्हाळ भाषा. ती आईला ज्या भाषेत रागवता आणि जोजवता येते तीच. पाया एका भाषेत भरला की दुसरी त्यावर चढते. अडचण थेरपिस्टची आहे, ती मुलावर ढकलू नये. मोठी बहीण किंवा शेजारीण दुभाषी म्हणून सोबत बसवावी.

मराठीत बोलणाऱ्या घरांसाठी एक बारकावा. आपली विभक्ती शब्दाच्या शेपटीत असते, आणि शेपूट हळू उच्चारली जाते. ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराशी’ यांत मुलाला ‘घरा’ ऐकू येते, पुढचा ‘त’ किंवा ‘श’ उंच पट्टीचा आणि क्षीण असल्याने निसटतो. त्यामुळे बोलू लागलेली कर्णबधिर मुले पुष्कळदा ‘आई दूध दे’ आणि ‘आईला दूध दे’ यांत फरक करत नाहीत. उपाय शेपूट ठासून म्हणण्याचा नाही. अर्थाला फरक पडेल असे प्रसंग घडवणे हा आहे: चेंडू डब्यात, चेंडू डब्याखाली, चेंडू डब्यामागे. डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची रोजची तपासणी, म्हणजे आ, ई, ऊ, म, श, स हे तोंड झाकून म्हणणे आणि मूल कशाला दचकते वा वळते ते पाहणे, इथे उपयोगी पडते. ‘म’ला वळते आणि ‘स’ला वळत नाही, एवढे आईने फोनवर सांगितले तरी मशीन कुठे जुळवायचे हे ऑडिओलॉजिस्टला समजते.

बापाविषयी साहित्यात फार कमी लिहिले जाते, आणि पालकांच्या वर्गात तो क्वचित दिसतो. त्याला थेरपी शिकवण्यापेक्षा सेल, मोल्ड, बरणी आणि तारखा ही खाती त्याच्याकडे सोपवावीत. ती नीट सांभाळली तर दहा तासांचे गणित जमते.

हातांची भाषा

बोलीचा आग्रह धरताना एक धोका डोळ्यांआड होतो. काही मुलांना यंत्र उशिरा मिळते, काहींची नसच नसते, काहींना इम्प्लांटनंतरही पुरेसे उमजत नाही. ती बोलीची वाट पाहत चार-पाच वर्षे कोणत्याही भाषेविना राहतात. रेचल मेबरी यांच्या अभ्यासांतून दिसते की पहिली भाषाच उशिरा मिळाली तर पुढे कोणतीही भाषा, हातांचीसुद्धा, पूर्ण वश होत नाही. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली आणि त्याचे पडसाद आपल्याकडेही शतकभर उमटले. हात वापरले तर मूल बोलायचे राहील, ही भीती आजही थेरपीच्या खोल्यांत ऐकू येते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संस्था झाली, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या भाषेला जागा दिली. पण शून्य ते तीनच्या घरापर्यंत ती अजून आलेली नाही.

मी हा वाद तत्त्वाचा मानत नाही, वेळापत्रकाचा मानतो. यंत्र लागेपर्यंत आणि श्रवणवय वाढेपर्यंत खुणा सुरू ठेवाव्यात. सहा महिन्यांत ऐकण्याची प्रगती दिसली नाही तर खुणांकडे झुकते माप द्यावे, तेही अपराधी भावनेविना. विणकराच्या घराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मागाच्या खटखटाटात माणसे ओठांनी आणि हातांनीच बोलतात. लँकेशरच्या गिरण्यांतल्या बायांनी त्याची एक पुरी बोली बनवली होती. शेडमध्ये बाप जे सहज करतो ते त्याने घरी बाळाशी केले तर कोणी नाक मुरडू नये.

किती माणसे लागतील

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर होती. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षाला सुमारे ६५ हजार बाळे. लक्षणीय जन्मजात श्रवणदोष हजारी एक ते दोन धरला तर वर्षाला ६५ ते १३० मुले, म्हणजे तीन वर्षांच्या आतली कोणत्याही वेळी दोनशे ते चारशे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण नियोजनाला तो पुरतो. प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा जायचे आणि ग्रामीण अंतरे पाहता दिवसाला तीनच घरे होतात असे मानले, तर एक माणूस पंधरा कुटुंबे सांभाळेल. जिल्ह्याला तेरा ते सत्तावीस माणसे लागतील. अकरा तालुक्यांत वाटली तर तालुक्याला एक ते अडीच.

एवढी माणसे तयार करणे अवघड नाही. श्रवण, भाषा आणि वाचा यांचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतो. तेलुगू किंवा कानडी येणाऱ्या स्थानिक मुली आणि स्वतः कर्णबधिर असलेले तरुण यात घेता येतील. दुसऱ्या गटाचा उपयोग विशेष आहे: आपले मूल मोठे होऊन कसे दिसेल, हे आईला पहिल्यांदा त्यांच्यात दिसते. ऊसतोडीला दिवाळीनंतर जाणारी कुटुंबे चार-पाच महिने पत्त्यावर नसतात. त्यांचे पाठ फोनवर घ्यावे लागतील आणि सेल-मोल्डची तजवीज निघण्याआधी करावी लागेल.

अडचण पगाराची आहे, आणि ती पैशांच्या टंचाईची कमी, खातेवाटपाची जास्त. चाळणी आरोग्य खाते करते. अंगणवाडी महिला व बालविकासची, तिथे दिव्यांग बालकांसाठीची केंद्राची मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. यंत्र आणि इम्प्लांट दिव्यांगांच्या योजनांतून मिळते. घरी जाऊन शिकवण्याची सोय समग्र शिक्षा अभियानात आहे, पण ती शाळकरी वयाच्या मुलांसाठी. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत ऑडिओलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक ही पदे धरलेली आहेत, पण त्यांनी केंद्रात बसावे अशी अपेक्षा असते. सांगोल्याच्या वाडीवरची आई तिथवर आली तर त्यांची भेट. त्याच केंद्राच्या प्रवासखर्चाच्या शीर्षाखाली घरभेटींसाठी वेगळी रक्कम ठेवणे आणि भेटीच्या नोंदीत यंत्राचे तास हा एक रकाना घालणे, एवढा बदल जिल्हा पातळीवर सुरू करता येईल.